अर्ध्या मापाचा तीन

चंदा रामटेके यांच्या ऑफिसात कुणाचा वाढदिवस असला, की लोक केकपेक्षा कार्डाची जास्त वाट पाहत, कारण कार्डावरचं नाव चंदाताई लिहीत. नोएडातल्या त्या कंपनीत इमारतींच्या सांगाड्याची ड्रॉइंगं होत. इंजिनिअर तीस होते, पण अक्षर म्हणावं असं एकच होतं. हे चंदाताईंना पक्कं ठाऊक होतं आणि त्या ते दाखवत नसत, म्हणजे आपण दाखवत नाही अशी त्यांची समजूत होती.

अक्षर नागपूरहून आलेलं. तिथल्या इंदोरा वस्तीत त्यांचे बाबा कापडगिरणीत कामाला होते, आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ आला की वस्तीतले फलक तेच रंगवत. लहानगी चंदा खडूने आडव्या रेघा आखून द्यायची. "तुझ्या आजोबाला अंगठा होता," बाबा म्हणत, "आपल्याला अक्षर मिळालं. ते गचाळ काढायचं नाही." पोरीने ते असं काही मनावर घेतलं, की पुढे आयटीआयला ड्राफ्ट्समनच्या कोर्सला गेली तेव्हा अर्ध्या वर्गाच्या ड्रॉइंगवरची अक्षरं तीच काढून देऊ लागली. शिकवणारे सर मात्र कौतुकाला महाकंजूष. ते ड्रॉइंग भिंतीला टाचत, पोरांना नेहमीच्या दुप्पट लांब उभं करत आणि म्हणत, "आता वाचा. साइटवरच्या माणसाच्या डोळ्यात सिमेंट असतं अन् डोक्यावर ऊन असतं. त्याला वाचता आलं तर ते अक्षर, नाहीतर रांगोळी." चंदाच्या अक्षराकडे बघून ते कधी काही बोलले नाहीत. तिने याचा अर्थ आपल्याला सोयीचा तो घेतला.

लग्न होऊन त्या दिल्लीला आल्या. नवरा अर्जुन केंद्र सरकारच्या नोकरीत, घर मयूर विहारला. बावीस वर्षांपूर्वी या ऑफिसात लागल्या तेव्हा शाईचं पेन आणि ट्रेसिंग पेपर होता. मग कॉम्प्युटर आला. बरोबरीचे दोघे-तिघे ड्राफ्ट्समन घरी बसले, चंदाताई शिकल्या आणि टिकल्या. त्यांच्या हातचं एक जुनं ड्रॉइंग मालकांनी, म्हणजे हेरंब सरांनी, फ्रेम करून आपल्या खुर्चीमागे लावलं.

तीन वर्षांपूर्वी हेरंब सरांच्या डोक्यात आलं की ऑफिसची सगळी ड्रॉइंगं एकाच अक्षरात निघाली पाहिजेत. तोवर ज्याला जो फॉन्ट आवडेल तो तो वापरत होता आणि एकाच इमारतीचे दोन मजले दोन ऑफिसांतून आल्यासारखे दिसत. "चंदाताई, तुम्ही ठरवा," सर म्हणाले. चंदाताईंनी दोन आठवडे कंबर कसून काम केलं. एकूण अकरा फॉन्ट निवडले. प्रत्येकात एक ड्रॉइंग काढलं, ते अर्ध्या मापात छापलं, चहाच्या मशीनशेजारच्या भिंतीवर टाचलं आणि दुप्पट लांबून वाचलं. अर्ध्या मापात अशासाठी, की मोठा कागद साइटवर वाऱ्याने फाटतो, म्हणून ठेकेदार अर्ध्या मापाची प्रत काढून तीच मजुरांच्या हाती देतात. सगळं बांधकाम होतं ते त्या प्रतीवरून. याचा एक आणि सात भांडतात, बाद. त्याचा पाच सहासारखा दिसतो, बाद. चहा प्यायला आलेल्या कुणालाही धरून त्या वाचायला लावत. लोकांनी आठवडाभर चहा जागेवर मागवला.

शेवटी एक उरला. सरळ, उघडा, कुठे वळण नाही की नखरा नाही, सरकारी शाळेच्या पाटीसारखा. तो घेऊन त्या हेरंब सरांकडे गेल्या. सरांनी कागद पाहिला, तोंड जरा वाकडं केलं आणि खुर्ची मागे फिरवली.

"चंदाताई, हे काय शोधत बसलात? ते बघा ना. आपलं ऑफिस म्हणजे ते अक्षर. त्याचाच फॉन्ट का नाही करत?"

चंदाताई "अहो सर, काहीतरीच" म्हणाल्या. एकदाच म्हणाल्या. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या चैतन्यने त्यांच्याकडून सगळी अक्षरं आणि आकडे कागदावर काढून घेतले आणि आठ दिवसांत फॉन्ट तयार केला. स्क्रीनवर फॉन्टची यादी उघडली, की मोठमोठ्या परदेशी नावांच्या मध्ये एक नाव दिसे, 'चंदा'. त्या संध्याकाळी मेट्रोत त्या एकट्याच हसत होत्या. बाबा असते तर, असं त्यांना दोन-तीनदा वाटलं. अकरा फॉन्ट भिंतीला लागले होते. बारावा काही लागला नाही. आपला तो बाब्या.

दोन महिन्यांनी मयुरा त्यांच्या टेबलाशी आली. मयुरा पुण्याची, नवी लागलेली, बोलायला चाचरणारी मुलगी. तिच्या हातात अर्ध्या मापाची प्रत होती.

"ताई, हा तीन जरा मिटतोय का? मला आधी आठ वाटला."

ड्रॉइंगवरचे आकडे इंग्रजी असतात. चंदाताईंच्या तीनला वरून एक बाक होता आणि खालचं टोक आत वळून किंचित वर येत असे. लोक त्या तीनचं फार कौतुक करत. मोठ्या कागदावर तो खरोखर देखणा दिसे. अर्ध्या मापात दोन्ही टोकं जवळ येत, त्यात प्रिंटरची शाई जरा फुटली की मिटत, आणि तीनचा आठ होई. चंदाताईंनी प्रत डोळ्यांजवळ धरली. त्यांना दिसलं. दिसलं हे आपण इथेच सांगून टाकू, कारण पुढे त्यांनी स्वतःलासुद्धा ते बरेच दिवस सांगितलं नाही.

"टोनर बदल," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर अर्जुनला म्हणाल्या, "आजकालच्या पोरींना हातचं काही आवडतच नाही, यार." अर्जुनने टीव्हीवरून नजर न काढता "बिल्कुल" म्हटलं.

मग गाझियाबादच्या बाजूला एका सोसायटीचं काम आलं. तिच्या बाल्कन्यांत सळया एकशे तीस मिलिमीटरवर बांधायच्या होत्या आणि ड्रॉइंगवर तसं लिहिलं होतं, 'चंदा' फॉन्टमध्ये. साइटवर सळया बांधल्या गेल्या एकशे ऐंशीवर, म्हणजे जिथे चार हव्या तिथे तीनही नाहीत. चौथ्या मजल्याच्या वेळी सोसायटीच्या माणसाने टेप लावला तेव्हा हे कळलं. तोवर तीन मजल्यांच्या बाल्कन्या काँक्रीटने भरून झाल्या होत्या. त्या सगळ्या फोडाव्या लागल्या. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब.

मीटिंग ऑफिसातच झाली. ठेकेदार आला, त्याचा साइट इंजिनिअर आला, हेरंब सर होते, चंदाताई होत्या. सळई कामाचा फोरमन रामसुमेर बाहेर रिसेप्शनच्या खुर्चीत बसून होता. त्याला आत बोलावलं ते शेवटी. तोपर्यंत टेबलावर मोठ्या मापाचं ड्रॉइंग पसरलं होतं, आणि त्यावर एकशे तीस इतकं स्वच्छ दिसत होतं की आंधळ्यानेही वाचावं. साइट इंजिनिअरनेही तपासून सही केली होती, म्हणजे त्यानेही चुकीचंच वाचलं असणार किंवा काहीच वाचलं नसणार. पण तो डिग्रीवाला. वड्याचं तेल कुणाच्या तरी वांग्यावर निघायचंच होतं. ठेकेदाराने बोट त्या आकड्यावर ठेवलं आणि चंदाताईंकडे पाहिलं.

"मैडम, ये तीन ही है न?"

"जी," चंदाताई म्हणाल्या. "तीन है."

यात खोटं काही नव्हतं. तीनच होता तो. चंदाताई खाली बघत होत्या, त्यामुळे रामसुमेरचा चेहरा त्यांना दिसला नाही. फक्त कागदाच्या कडेला टेकलेली त्याची जाड, चुन्याने फाटलेली बोटं दिसली. ती बोटं जराशी त्या आकड्याकडे गेली आणि मागे आली. "हमसे ही गलती हुई होगी, साहब," तो म्हणाला. त्याच संध्याकाळी त्याला कामावरून काढलं.

दुसऱ्या दिवशी चंदाताई सगळ्यांच्या आधी ऑफिसात आल्या. त्यांनी 'चंदा' फॉन्ट बाजूला केला आणि तो सरकारी शाळेसारखा फॉन्ट सगळ्या ड्रॉइंगना लावला. ड्रॉइंगमध्ये बदल केला की कोपऱ्यातल्या चौकटीत कारण लिहावं लागतं. चंदाताईंनी लिहिलं, 'सर्वसाधारण सुधारणा'. हेरंब सरांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "कंटाळा आला सर त्याचा." मयुरा काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं चंदाताईंना रोज वाटे, आणि ती बोलत नाही याचं रोज हायसंही वाटे.

अर्जुनला मात्र त्यांनी सांगितलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुला लेखी काही विचारलंय?"

"नाही."

"मग झालं तर. फाइलवर नाही ते घडलं नाही. चलो, जेवायला वाढ."

पण खाई त्याला खवखवे. चंदाताईंना जिथे तिथे तीन दिसू लागले. लिफ्टचा तिसरा मजला, मेट्रोच्या कार्डावरचा नंबर, भाजीवाल्याच्या पुठ्ठ्यावरचा भाव. प्रत्येक तीनकडे त्या डोळे बारीक करून बघत, आठ होतो का म्हणून. ऑफिसात वाढदिवसाची कार्डं त्या आता मयुराकडे सरकवत. कारण विचारलं तर सांगत, हात दुखतो. बाबांच्या फोटोला मेणबत्ती लावताना त्यांना वाटे की बाबा आपल्याकडे बघत नाहीत. हे त्या कुणाला बोलल्या नाहीत, बोलण्यासारखं नव्हतंच ते.

आठ महिन्यांनी मयुरा साइटवरून आली आणि थेट त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली.

"ताई, तो रामसुमेर द्वारकेला एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन आहे म्हणे. सळईच्या कामाला कुणी बोलावलं तरी जात नाही. म्हणतो, आँख चली गई." मग तिने सोसायटीचं नाव आणि सेक्टर लिहिलेली चिठ्ठी टेबलावर ठेवली. कुणी मागितली नव्हती.

रविवारी चंदाताईंनी पर्समध्ये गाझियाबादच्या त्या कामाची जुनी अर्ध्या मापाची प्रत घडी करून ठेवली आणि मयूर विहारहून ब्लू लाइन पकडली. तासाभराच्या प्रवासात काय बोलायचं ते त्यांनी चारदा ठरवलं, हिंदीत, आधी नमस्कार मग माफी. गेटवर पोचल्या आणि एकही वाक्य उरलं नाही. निळ्या गणवेशातला, दोरी लावलेला चष्मा घातलेला पंचावन्न-छप्पन वर्षांचा माणूस टेबलामागे बसला होता. तोंड त्यांनी कधी नीट पाहिलं नव्हतं. बोटं ओळखली.

"मैडम, एंट्री," तो म्हणाला आणि रजिस्टर पुढे केलं.

कुणाला भेटायचंय, या रकान्यात काय लिहावं ते त्यांना कळेना. तो त्यांनी मोकळा सोडला. नाव लिहिलं, मयूर विहार लिहिलं, वेळ लिहिली, साडेअकरा. आकड्यात. रजिस्टर स्वतःकडे फिरवून रामसुमेर मोकळ्या रकान्याबद्दल विचारणार होता, पण त्याचं बोट वेळेपाशी थांबलं.

"आप नक्शा बनाती हैं?"

"कैसे जाना?"

"ये तीन." तो हसला. "दो साल यही तीन पढ़ा है, मैडम. लड़कों को बोलता था, देखो, लिखावट हो तो ऐसी. एक नक्शा तो घर भी ले गया था. बिटिया की कॉपी पर उसी का कवर चढ़ाया."

त्याने दुसरी खुर्ची ओढून दिली. चंदाताई बसल्या.

"फिर वो काम छोड़ा क्यों?" त्यांनी विचारलं. ठाऊक असून विचारलं, आणि विचारताना स्वतःची किळस आली.

"आँख चली गई. तीस साल सरिया बाँधा, एक गलती नहीं. फिर एक दिन एक सौ तीस को एक सौ अस्सी पढ़ लिया. बड़े काग़ज़ पर दिखाया साहब लोगों ने, साफ़ लिखा था. नक्शा थोड़े ही झूठ बोलेगा." त्याने चष्म्याला हात लावला. "करोल बाग से बनवाया. दुकानवाला बोला नंबर नहीं के बराबर है, मत लो. मैंने कहा, तुम बना दो, हमको पता है. अब सरिया को हाथ नहीं लगाता. कल को छज्जा किसी के सिर पर गिर जाए तो? घरवाली तो सड़क भी अकेले पार नहीं करने देती. बिटिया हाथ पकड़ती है."

हे सगळं तो तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता. समोर नक्शे काढणाऱ्या मॅडम बसल्या आहेत, त्यांच्या चांगल्या अक्षराला आपण बट्टा लावला, याची त्यालाच शरम वाटत होती. ते चंदाताईंना सहन होईना. त्यांनी प्रत काढून टेबलावर पसरली.

"चश्मा उतारिए. और पढ़िए."

तो नको नको म्हणत होता. मग त्याने चष्मा काढला आणि एकेक आकडा वाचत गेला. खांब, तुळया, जिना, बारीकसारीक सगळं, एकदाही न अडखळता. बाल्कनीपाशी आला.

"एक सौ अस्सी," तो म्हणाला, आणि लगेच, "नहीं नहीं, एक सौ तीस है. मालूम है मुझे."

"मालूम मत बोलिए. जो दिखता है वो बोलिए."

त्याने कागद डोळ्यांजवळ धरला. "अस्सी."

"मुझे भी," चंदाताई म्हणाल्या. "मुझे भी अस्सी ही दिखता है. आपकी आँख ठीक है, भैया. मेरा अक्षर ख़राब है."

तेवढ्यात एक गाडी आली. रामसुमेर उठला, त्याने दांडा वर केला, गाडी आत गेली, तो परत येऊन बसला आणि तिचा नंबर त्याने रजिस्टरमध्ये लिहिला. चष्मा टेबलावरच होता. लिहून झाल्यावर त्याचं त्यालाच ते लक्षात आलं. त्याने पेन ठेवलं आणि चष्म्याकडे बघत बसला.

"मीटिंग में आप थीं," तो म्हणाला. त्याने विचारलं नव्हतं, तरी चंदाताईंनी उत्तर दिलं.

"थी."

"तब पता था?"

"था. उससे पहले भी पता था. एक लड़की ने दिखाया था."

रामसुमेरचा जबडा हलत होता. आता हा ओरडेल, असं चंदाताईंना वाटलं, आणि ओरडावं असंही वाटलं. तो ओरडला नाही. आठ महिने पोरीने आपला हात धरला, एवढंच तो म्हणाला, आणि तेही त्यांना उद्देशून नव्हतं. चंदाताईंनी माफी मागितली.

"लिख के दीजिए," तो म्हणाला. "ठेकेदार मेरी बात नहीं मानेगा. काग़ज़ मानेगा."

फाइलवर नाही ते घडलं नाही, हे अर्जुनचं म्हणणं त्यांना आठवलं. हेरंब सर आठवले, बावीस वर्षं आठवली, त्या तीन मजल्यांच्या फोडलेल्या बाल्कन्याही आठवल्या. हा कागद ठेकेदाराच्या हाती पडला की तो त्याच दिवशी ऑफिसात येणार, आणि या वेळी रिसेप्शनच्या खुर्चीत कोण बसेल हे काही सांगायला नको. त्यांनी तीच प्रत उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूला हिंदीत लिहायला घेतलं. अक्षर मीच निवडलं, अर्ध्या मापात तपासलं नाही, एकशे तीसचा आकडा एकशे ऐंशी वाचला जातो, यात रामसुमेर यांची चूक नाही, हे मला आधीपासून माहीत होतं. खाली पूर्ण नाव, ऑफिसचं नाव, फोन नंबर. मुद्दाम साध्यात साधं काढलं होतं अक्षर. सही करून त्यांनी कागद पुढे केला.

रामसुमेरने तो घेतला, उठला, दोन पावलं मागे सरकला आणि हात लांब करून वाचू लागला. चंदाताईंना एकदम आयटीआयची ती भिंत आठवली. सगळं वाचून तो परत टेबलाशी आला आणि त्याने एकशे तीसच्या मधल्या आकड्यावर बोट ठेवलं.

"मैडम, ये फिर घूम गया है."

चंदाताईंनी पाहिलं. तीनचं खालचं टोक आत वळून वर आलं होतं. हाताने आपलंच खरं केलं होतं.

"दोबारा लिखिए," तो म्हणाला.

त्यांनी तो आकडा एका रेघेने खोडला, बाजूला बारीक सही केली आणि वर पुन्हा लिहिला. या वेळी तीन त्यांनी सावकाश काढला. डोक्यावर सरळ आडवी रेघ, मग तिरपी, खालचं टोक उघडं. फार कुरूप दिसत होता. रामसुमेर पुन्हा दोन पावलं मागे गेला.

"एक सौ तीस," त्याने मोठ्याने वाचलं. मग कागदाची घडी करून गणवेशाच्या वरच्या खिशात ठेवली आणि रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं, कारण बाहेर जायची वेळही लिहावी लागते.